गागरे मास्तरची सावड

आमच्या शेजारचा गागरे मास्तर कुणालाही सुखानं काम करू देत नाही. कुणी काही करताना दिसलं की फटफटी थांबवतो, पाय टेकतो आणि विचारतो, "यात शिकण्यासारखं काय आहे?" न्हाव्याचा वस्तरा गिऱ्हाइकाच्या गळ्यावर असला तरी विचारतो. विहिरीतून मोटार काढताना चार माणसं दोराला लोंबकळत असतात, तेव्हाही विचारतो. माझ्या थोरल्या भावाच्या तेराव्याला मी कपाळाला हात लावून बसलेलो, आणि हा कढईपाशी उभा राहून आचाऱ्याला विचारतोय, की एखाद्या पोराला बुंदी पाडायला शिकवायचं तर किती दिवस लागतील. मी उठून गेलो. म्हणालो, मास्तर, मेलेल्याची तरी लाज धर. तर म्हणतो, "तात्या, बुंदी चांगली पडत होती म्हणून विचारलं."

माझी शाळा दुसरीत सुटली, त्याचं मला काही वाटत नाही. पेरूची बाग मी उभी केली, खडूनं नाही केली. त्यामुळं मास्तर लोकांचा मला पहिल्यापासून राग. त्यात हा रिटायर झाला तरी शाळेत जायचा थांबला नाही. बायको वारली, तिचे दिवस झाले, आणि दुसऱ्या सकाळी याची फटफटी सुरू. घराला कुलूप लावून जातो तो अंधार पडल्यावर येतो. मी म्हणायचो, काय ही उनाडकी या वयात.

शाळेत वरून नवीन टूम आली. पोरगं शाळेच्या बाहेर कुणाकडं काही शिकलं, तर त्याचेही गुण धरायचे. बाकीच्या मास्तरांनी कपाळावर आठ्या पाडल्या आणि यानं ते फुकटात गळ्यात घालून घेतलं. एक पोरगं शिंप्याकडं धाडलं, एक गुऱ्हाळावर. एक बँडवाल्याकडं. ते रोज संध्याकाळी माझ्या गोठ्यामागं बसून पिपाणी वाजवायचं आणि म्हैस पान्हा चोरायची.

आणि मग यानं माझ्या दारात शेळ्या आणल्या.

शेळ्या रोहिणीच्या. वस्तीवरची पोरगी, नववीत. उन्हाळ्यात तिच्या आईच्या, सुमनच्या, अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू लुळी पडली, बोलणं अडखळायला लागलं. बाप आधीच गेलेला. पोरगी आईचं करते, शेळ्या राखते, शाळा बुडाली. हजेरी भरेना. सोनई गावचा तिचा मामा म्हणायला लागला की वर्ष वाया गेलंच आहे तर स्थळ बघून टाकू. नववीतल्या पोरीला स्थळ. त्या मामाला मी एकदाच बाजारात गाठला आणि काय बोललो ते इथं सांगण्यासारखं नाही.

मास्तर शाळेच्या मोठ्या बाईंकडं गेला. म्हणाला, पोरगी एवढी शेळ्या राखते, त्याचे गुण द्या, वर्ष वाचेल. बाई म्हणाल्या, घरचं काम धरता येत नाही, दुसऱ्या कुणाकडून शिकायला पाहिजे. हे ऐकून माझं डोकं फिरलं. आपल्या आईला उचलून बसवलं तर ते काही नाही, आणि शेजाऱ्याच्या आईला बसवलं तर ते शिक्षण! कुणी केला हा नियम, त्याची आई कधी आजारी पडली नसेल.

मास्तर मात्र भांडला नाही. त्यानं शेळ्या सोडल्या आणि माझ्या दावणीला आणून बांधल्या. म्हणाला, "आता त्या तिच्या घरच्या राहिल्या नाहीत. ती तुमच्याकडं शेळीपालन शिकतेय."

"मास्तर, मी जन्मात शेळी पाळली न्हाई."

"तुम्ही नुसतं गुरू व्हा."

मी नाही म्हणालो. तीनदा म्हणालो. शेवटी तो म्हणाला, "तात्या, सावड धरा. पोरगी शाळा सुटल्यावर तुमच्याकडं राबेल, तुमच्याकडचं कुणी तिच्या आईजवळ बसेल." आता सावड म्हटलं की आमच्याकडं माणसाचं तोंड बंद होतं. आज तू माझ्या रानात, उद्या मी तुझ्या, पैसा मधे येत नाही. मी म्हणालो, माझ्याकडं बसायला कोण रिकामं हाय? तर म्हणाला, ते मी बघतो. मला वाटलं, कुणी चुलती-बिलती बघितली असेल.

दुसऱ्याच दिवशी शेळ्यांनी दावं तोडलं आणि पिशव्यांत लावलेली माझी पेरूची रोपं खाल्ली. निम्मी बुडासकट. मी एवढा ओरडलो की बँडवाल्याचं पोरगं पिपाणी टाकून पळालं. रोहिणी नुसती उभी. मी म्हणालो, रडू नको, रडून रोप येत न्हाई. जेवढी खाल्ली तेवढी गुटी बांधायची, झाडावर, तुझ्या हातानं. मग रोज दुपारनंतर ती फांदीची साल गोल काढायची, ओलं शेवाळ लावायची, प्लॅस्टिक गुंडाळून सुतळी आवळायची. ढिली झाली की मी सोडायला लावायचो. तिनं एकदा विचारलं, "आजोबा, तुमी शाळेत असता तर पोरं शाळा सोडून गेली असती ना?" मी म्हणालो, निम्मी गेली असती, निम्म्यांनी सुतळी आवळली असती.

नवरात्रात मोठ्या बाई बघायला आल्या. आणि त्या दिवशी मास्तरचा पत्ता नाही. ज्यानं हे सगळं माझ्या गळ्यात मारलं, तोच गायब. बाईंनी शेळ्या बघितल्या, मला बघितलं आणि विचारलं, "आजोबा, तुम्ही हिला शेळ्यांचं काय शिकवलंत?"

मास्तरनं मला पढवून ठेवलं होतं. चारा सांगा, जंत सांगा. पण मी आयुष्यात खोटं बोललो नाही आणि त्या लुच्च्यासाठी आता बोलणार नव्हतो.

"काय बी न्हाई शिकवलं. शेळ्यांचं मला कळत न्हाई."

बाईंचा चेहरा पडला. रोहिणीचा तर पांढराफटक. झालं, म्हटलं, माझ्या ताठपणापायी पोरीचं वर्ष गेलं. पण ती पोरगी झाडाखाली गेली, फांदी खाली वाकवली आणि म्हणाली, "बाई, हे शिकवलं. शिव्या देऊन शिकवलं." प्लॅस्टिकमधून पांढऱ्या मुळ्या दिसत होत्या. बाईंनी बोट लावून बघितलं. प्रत्येक फांदीपाशी गेल्या, साल कशी काढली ते विचारलं, मुळ्या सुटायला किती दिवस लागले ते विचारलं. पोरगी अडखळली नाही. जाताना बाई म्हणाल्या, "शेळ्यांचे नाही, पण याचे पूर्ण गुण. वर्षाचं मी बघते."

पोरीनं माझे पाय धरले. मी तिला ढकलली आणि काठी घेऊन मास्तरला शोधायला निघालो. आज त्याला सोडायचा नाही, असं ठरवलं होतं. घराला कुलूप. शाळेत नाही. शेवटी वाटलं, सुमनला बातमी तरी सांगावी, म्हणून वस्तीवर गेलो.

मास्तर तिथं चुलीपुढं बसला होता. अंगभर पीठ. तव्यावर भाकरीचा नकाशा करपत होता. बाजेवरून सुमन डाव्या हातानं खुणा करत, अडखळत त्याला झापत होती आणि तो शाळेतल्या पोरासारखा मान हलवत होता. सुमनकडून कळलं, तीन महिने हा रोज इथं बसत होता. तिला उठवून बसवायचा, घास भरवायचा, मग तिनं सांगितल्याप्रमाणं भाकरी थापायचा.

मी पोरीची बातमी सांगितली. सुमनचे डोळे भरले. मास्तरनं भाकरी उलटली. मी म्हणालो, सावड माझी हुती, फेडनारा तू कोण? फेडायला दुसरा मानूस धाडला तर ती मजुरी झाली. उद्यापासून मी येनार. तू बस घरी.

मास्तरनं माझ्याकडं बघितलं. पुढ्यातलं ताट कुणी उचलून न्यावं तसं बघितलं. मग खाली बघत हळूच म्हणाला, "तात्या, इथं आलं की कुणीतरी विचारतं, जेवलास का म्हणून."

भिंतीला भिंत लागून आमची घरं. मी ते कधी विचारलं नव्हतं.

मला राग आला. कुणाचा ते कळेना, म्हणून त्याच्यावरच ओरडलो. म्हणालो, बरं, सकाळ तुझी, संध्याकाळ माझी. यापेक्षा जास्त सोडनार न्हाई.

सुमन बाजेवरून एकेक शब्द जुळवत म्हणाली, "दोगंबी या. पन भाकरी येनारा... एक तरी आना."

मास्तर हसला. मी काठी कोपऱ्यात ठेवली आणि परात पुढं ओढली. भाकरी मलाही येत नव्हती.