दोन निळ्या बाबागाड्या

नातीला एकट्यानं सांभाळणं म्हणजे काय मोठंसं, असं मी आमच्या लेकीला, बोडिलला ठणकावून सांगितलं होतं. तीस वर्षं या स्वेंडबोर्ग गावात टपाल वाटलं, एक पत्र कधी चुकीच्या दारात टाकलं नाही, तिथं एका बाळाची काय कथा?

"बाबा, एकच कर. लिव्ह झोपलेली असताना गाडीची जाळी उचलू नकोस," लेक म्हणाली. "जागी झाली की संपलंच."

मी गाडी बेकरीच्या खिडकीखाली लावली. तिथं आधीच तीन-चार गाड्या होत्या. आमच्याकडे रीतच आहे: थंड हवेत पोरं गाढ झोपतात, म्हणून ती बाहेर आणि आपण आत. आरामात कॉफी घेतली, बाहेर आलो आणि निळी गाडी ढकलत निघालो.

घराजवळ शेजारच्या गेर्डाबाई भेटल्या. मी नको म्हणेपर्यंत त्यांनी जाळी उचललीच.

"नाक अगदी आजोबांचं आहे हं."

मी खुशीत वाकून पाहिलं. एक लाल केसांचा मुलगा माझ्याकडे बघून हसत होता. त्याला दोन दात होते. आमच्या लिव्हला सकाळपर्यंत एकही नव्हता.

"गेर्डाबाई, हे आमचं नाही."

"मग कुणाचं?"

"तेच बघायला चाललोय."

गुडघे कुरकुरत होते, तरी मी गाडीसकट पळत सुटलो. डोळ्यांसमोर पोलीस होते, आणि पोलिसांच्या मागे बोडिल.

बेकरीबाहेरच्या बाकावर एक तरुण बाई लिव्हला मांडीवर घेऊन बसली होती.

"बाई, मी पोरं पळवणारा नाही हो," मी धापा टाकत म्हणालो.

"कळलं ते. पळवणारा स्वतःचं मूल मागे ठेवून जात नाही." तिनं लिव्हला माझ्याकडे दिलं आणि मुलाला उचलून घट्ट छातीशी धरलं. "पहिली पाच मिनिटं प्रत्येक गाडीत डोकावत होते मी. मग ही रडायला लागली, म्हणून हिला घेतलं. बेकरीवाली म्हणाली, ते आपले पोस्टमन आजोबा, येतील परत."

मी तिची माफी मागितली.

"रास्मुस झोपला होता का?" तिनं विचारलं.

"गेर्डाबाईंपर्यंत अगदी गाढ."

"तीन आठवडे झाले, दिवसा डोळा मिटत नाही हा. कुठल्या रस्त्यानं नेलंत?"

"चर्चच्या उतारावरून. तिथं दगडी फरशी आहे, गाडी छान हलते."

तिनं मुलाला परत गाडीत ठेवलं. "आजोबा, गुरुवारी परत न्याल का?"

आता दर गुरुवारी दोन्ही गाड्या घेऊन मी तो उतार उतरतो. बोडिल विचारते, "बाबा, रास्मुसच्या आईशी, या तोवेशी, तुझी ओळख झाली तरी कशी?"

"बेकरीबाहेर, मुलांमुळे," मी सांगतो. यात एक अक्षरही खोटं नाही.