जागा मोकळी हाय काय?

माझ्या शिवणकामाच्या दुकानापुढं एक बाकडं आहे. ते अख्खं रिकामं असलं तरी गणबामामा त्यावर सरळ बसत नाहीत. आधी उभं राहून कानोसा घेतात. मग विचारतात, "जागा मोकळी हाय काय?" बाकडं काय बोलणार? जरा थांबून पुन्हा विचारतात. तिसऱ्यांदा विचारूनही कुणी हरकत घेतली नाही, की मगच टेकतात. रामनगरच्या बाजारात नवा आलेला माणूस हे बघतो आणि मामांच्या डोक्यावर परिणाम झालाय काय, असं मला खुणेनं विचारतो. मी सांगतो, न्हाई हो, तेंच्याकडं लायसन हाय.

लायसन खरंच आहे. मामांनी जन्मभर इथं रेडिओ दुरुस्त केले आणि पन्नाशीत परीक्षा देऊन हौशी रेडिओवाल्यांचं, म्हणजे घरात बसून रेडिओवर दुसऱ्यांशी बोलायचं, लायसन काढलं. नंदिगड्ड्याच्या घरी ते देव्हाऱ्याशेजारी काचेत लावलंय. परसातल्या माडाला तार बांधलीय. त्या तारेवर माकडं झोके घेतात आणि मामा आत बसून, आज आवाज लई हालायलाय, म्हणून यंत्राला दोष देतात.

बोलण्याआधी तीनदा विचारायचं हे त्या रेडिओचंच वळण. दुसरं कुणी बोलत असेल तर मधे घुसायचं नाही. त्यात मामा ज्या लहरीवर बोलतात तिच्यावर पहिला हक्क सरकारी खात्यांचा. सरकारचा आवाज आला की हौशी माणसानं मुकाट बाजूला व्हायचं. मामांच्या भाषेत, "मालक आले, आपण हलायचं."

हे रेडिओपुरतं राहिलं असतं तर बरं होतं. पण मामा एसटीत, बँकेत, देवळातसुद्धा हलतात. माझ्या पोरीच्या लग्नात पंगतीला बसले होते. मांडवात कुठलासा साहेब आला, तसे मामा अर्धी जिलेबी पानात टाकून उठले. साहेब जेवायला आलाच नव्हता, त्याला फक्त हात धुवायचे होते. मला असा राग आला म्हणता! पुढं दोन महिने मी त्यांना मालक आले, मालक आले, म्हणून चिडवत होतो. मामा नुसते हसायचे.

घरी ते एकटेच. मामी जाऊन बरीच वर्षं झाली. बोलायला माणूस एकच, खानापूरकडचे एक मास्तर. तेही एकटे, तेही लायसनवाले. दोघांनी एकमेकांचं तोंड कधी बघितलं नव्हतं, पण रोज संध्याकाळी सहाला रेडिओवर भेट ठरलेली. गुडघे, फणस, कुणाच्या भाताला रोग पडला, असलंच बोलणं. मधे सरकारी आवाज आला की दोघांनी बंद करायचं आणि उद्या सहाला भेटायचं, असा त्यांचा रिवाज.

गेल्या उन्हाळ्यात मामा चार दिवस बाकड्याकडं फिरकले नाहीत. पाचव्या दिवशी आले आणि काही न विचारता बसले. मी सुई बाजूला ठेवली.

मास्तर गेले होते. तीन दिवस सहाला त्यांचा आवाज आला नाही, मग आदल्या दिवशी दुसऱ्या एका रेडिओवाल्याकडून मामांना कळलं होतं. शेवटच्या संध्याकाळी मास्तरांचा आवाज बारीक झाला होता. "गणबा, तुला एक सांगायचं हाय," एवढं ते म्हणाले आणि तेवढ्यात सरकारी आवाज आला. मामांनी नेहमीसारखं, मालक आले, उद्या बोलूया, म्हणून यंत्र बंद केलं.

"त्यो सरकारी माणूस काय बोलत हुता ठावं हाय?" मामा म्हणाले. "ओंदु, येरडु, मूरु. नुसतं आकडं मोजून यंत्र तपासायलता. तेच्यासाठी मी मास्तरास्नी गप केलो."

 दोन महिने चिडवलं होतं ना मी.

परवा शिवलेला सदरा द्यायला नंदिगड्ड्याला गेलो. सहा वाजत आले होते. मामांनी यंत्र लावलं, कानोसा घेतला आणि जागा मोकळी आहे काय, म्हणून तीनदा विचारलं. कुणी बोललं नाही. मग त्यांनी चौथ्यांदा विचारलं.

"मामा, ह्यो चौथा कुणासाठी?"

"मास्तरांचं बोलणं अर्धं ऱ्हायलंय न्हवं," ते म्हणाले. "मधेच मी घुसाय नको."

तेवढ्यात यंत्र खरखरलं. कुणीतरी कन्नडमधून आकडे मोजू लागलं. मामांचा हात सवयीनं बटनाकडं गेला आणि तिथंच थांबला. मी हळूच म्हणालो, "मामा, मालक आले."

"येऊ देत," मामा म्हणाले. त्यांनी हात मांडीवर घेतला आणि ते बसून राहिले.