डागवाली सुरी

चाकूतलं मला कळतं! ही फुशारकी नाही. करवतीची पाती बनवणाऱ्या चाकणच्या एका कंपनीत मी क्वालिटी विभागात आहे. माल हातात घेतला की केसाएवढी चीर मला दिसते. मी एकदा लाल ठिपका दिला की तो माल बाद, मग मालकाचा मेव्हणा शिफारस घेऊन आला तरी बाद! अशा माणसाला बाजारात फसवायची कुणाची टाप आहे?

तर या पारखी माणसाला गेल्या वर्षी चाकूंचा नाद लागला. मोबाईलवर दाढीवाले परदेशी काका जंगलात जातात, चाकूने लाकूड तासतात, मासा साफ करतात आणि फार सुखी दिसतात. मी निगडीच्या फ्लॅटमध्ये सोफ्यावर पडून ते बघायचो आणि मलाही सुखी वाटायचं. बघता बघता मी एक चाकू मागवला. साधासुधा नव्हे, दमास्कस पोलादाचा! पात्यावर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी, उंटाच्या हाडाची मूठ, आत मखमल लावलेली शिसवी पेटी आणि वर सोनेरी शिक्का. किंमत विचारू नका. साधनाने, म्हणजे माझ्या बायकोने, विचारली होती. तिला मी जी सांगितली, ती पेटीची होती.

"याचं करायचं काय?" साधनाने विचारलं.

"अगं, आउटडोअर चाकू आहे हा! जंगलात लागतो."

"आपण जंगलात कधी जातो?"

"दुर्गा टेकडीवर जातो की!"

"तिथं भेळ मिळते, अजिंक्य. बरं, आणलाच आहेस तर ही काकडी काप."

"काकडी?" मी पेटी छातीशी धरली. "वेडी आहेस का? याला पाणी लागता कामा नये!"

"आणि जंगलात पाऊस आला तर?"

काही बायकांना कलेतलं काही कळत नाही. मी पेटी बंद केली.

पण नुसती बंद पेटी बघून माणूस किती दिवस खूश राहणार? कुणीतरी जळायला हवं! आणि जळण्यासाठी माझ्याकडे हक्काचा माणूस होता, माझे साडू रणजीतराव. साधनाच्या थोरल्या बहिणीचे, जयमालाताईंचे, हे यजमान. प्लॉटिंगचा धंदा, दारात पांढरी उंच गाडी, आणि दरवर्षी भेटले की एकच प्रश्न, "काय अजिंक्यराव, कंपनीत अजून ओव्हरटाइम देतात का?" मी चाकूचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. रणजीतरावांनी अंगठासुद्धा दाखवला नाही. म्हणजे बाण बरोबर लागला होता!

पुढचा बेत आपोआप ठरला. खंडेनवमीला आम्ही दोघे जावई कुरुळीला सासुरवाडीत जमतो. घरातली सगळी हत्यारं पाटावर मांडून पूजा होते आणि मग कोहळा कापतात. कोहळा कापायचा मान दरवर्षी रणजीतरावांचा. यंदा तो आपला!

आदल्या दिवशी संध्याकाळी आम्ही कुरुळीत पोचलो. सासरे मारुतराव, म्हणजे आमचे मामा, ओट्यावर बसून दोर तोडत होते. जमिनी कंपन्यांत गेल्या, पण एक म्हैस आणि मागचा तुकडा त्यांनी सोडलेला नाही. हातात त्यांची ती नेहमीची सुरी होती. कंपनीच्या भंगारातलं करवतीचं पातं घासून चांदभाईंनी त्यांना करून दिलेली. चाकणच्या बाजारात चांदभाईंचं धार लावायचं दुकान आहे. मुठीला सायकलची ट्यूब गुंडाळलेली, ना म्यान, ना पेटी. कायम बंडीच्या खिशात. मामा तिने दोर तोडतात, ठिबकची नळी कापतात, पायातला काटा काढतात आणि मग धोतराला पुसून तिनेच पेरूही कापून देतात.

मी ती हातात घेऊन नजरेखालून घातली. पात्याच्या मागच्या बाजूला लाल रंगाचा ठिपका! माझाच! आमच्याच कंपनीतलं बाद पातं होतं ते.

"मामा, बाद माल आहे हा," मी म्हणालो. "आता माझी बघा. दमास्कस!"

"दमा?" मारुतराव दचकले. "कुणाला?"

मी सगळं समजावून सांगणार, तेवढ्यात म्हैस ओरडली आणि ते धारा काढायला गेले. मी पेटी सासूबाईंच्या, म्हणजे चतुराबाईंच्या हातात दिली. "आई, देवघरात ठेवा. उद्या पूजेला काढू." एवढं बोलून मी जेवलो आणि विजयी मनाने झोपलो.

सकाळी अंघोळ करून ओट्यावर आलो, तर पाट मांडलेला. कोयता, विळे, कुऱ्हाड, पहार, सगळ्यांना हळदीकुंकू. आणि मधोमध एक सुरी झगझगत होती. नवी कोरी! आरशासारखी गुळगुळीत! तिच्यात मला माझं तोंड दिसलं. आधी तोंड दिसलं, मग मूठ दिसली. उंटाच्या हाडाची!

"आई!" माझा आवाज फाटला. "नक्षी... म्हणजे... हिच्यावर काहीतरी होतं ना?"

सासूबाईंनी मला हाताने गप्प राहायची खूण केली, इकडंतिकडं पाहिलं आणि जवळ आल्या.

"डाग व्हते, बापू," त्या कुजबुजल्या. "सगळं पातं डागाळल्यालं! म्या पेटी उघडली न् काळजात धस्स झालं. पोराला कुणीतरी जुनी सुरी नवी म्हणून गळ्यात मारली! उद्या रणजीतरावांच्या म्होरं तुमची मान खाली जायाची. मंग काय, चिंचेच्या पाण्यात भिजत घातली, राख लावली, काथ्यानं घासली. जाता जाईनात मेले! पर सोडलं न्हाई म्या. आता बगा कशी दिसती!"

माझ्या घशापर्यंत एक वाक्य आलं होतं. ते इथं लिहिण्यासारखं नाही. पण तेवढ्यात माझं लक्ष त्यांच्या बोटांकडे गेलं. लाल झालेली, सोललेली, भेगांमध्ये राख भरलेली. आणि त्या माझ्या तोंडाकडे अशा बघत होत्या, जशी साधना पहिल्यांदा पुरणपोळी केली तेव्हा बघत होती.

मागे दारात साधना उभी होती. माहेरी आली की ती मला 'अहो' म्हणते, पण डोळे 'अरे'च असतात. ते डोळे सांगत होते, एक शब्द बोललास तर बघ!

"आई," मी म्हणालो, "काय चमकवलीत हो!"

सासूबाईंचा चेहरा उजळला. मी मोरीवर जाऊन तोंडावर पाणी मारून आलो.

तेवढ्यात पांढरी गाडी आली. रणजीतराव उतरले, हातात टॉवेलमध्ये गुंडाळलेलं काहीतरी. ते त्यांनी पाटाजवळ ठेवलं, वाकून माझ्या सुरीकडे बघितलं आणि माझ्या कानाशी लागले.

"भावा, फोटोत नक्षी होती ना?"

"मुरली," मी म्हणालो. "आत मुरली. चांगल्या मालाची नक्षी मुरते."

"असं होय!" रणजीतराव म्हणाले आणि विचारात पडले.

पूजा झाली. मारुतरावांनी कोहळा पाटावर ठेवला. "यंदा नवी सुरी आलीया. धाकल्या जावयाला मान!" गल्लीतली चार माणसंही जमली होती. कोहळा एका घावात दुभंगला की घराचं वर्ष सुखाचं जातं, असं सासूबाई मानतात. त्या हात जोडून उभ्या राहिल्या.

मी सुरी उचलली. मनात म्हटलं, नक्षी गेली तर गेली, पोलाद तर आहे! हात वर नेला, "येळकोट येळकोट!" म्हणून आरोळी ठोकली आणि घाव घातला.

खच्च! आवाज तर झकास आला. पण हात वर आला तेव्हा माझ्या हातात नुसती मूठ होती! पातं कोहळ्यात अर्ध्यावर रुतून बसलं होतं. रात्रभर चिंचेच्या पाण्यात भिजून उंटाने पातं सोडलं होतं.

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. सासूबाईंचा चेहरा पांढराफटक पडला.

"म्या भिजत घातली व्हती," त्या म्हणाल्या. "माझ्यामुळं झालं, व्हय? एवढी हौसंनं आणल्याली वस्तू! अन् कोहळा बी अर्धाच ऱ्हायला, ऐन नवमीला..."

डोळ्यांना पदर लागला. मी मुठीकडे बघितलं, रणजीतरावांकडे बघितलं, त्या गल्लीतल्या चार माणसांकडे बघितलं. आणि आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं. सगळ्यांसमोर स्वतःवर लाल ठिपका मारला!

"तुमचा काय संबंध, आई?" मी मोठ्याने म्हणालो. "माल मुळातच खोटा होता. मी फसलो! चिंचेच्या पाण्याने कधी चांगली सुरी मोडते का? उलट तुम्ही घासली म्हणून आज कळलं. उद्या जंगलात असा दगा दिला असता तर?"

"जंगलात कशाला जाताय?" सासूबाईंनी घाबरून विचारलं.

"नाही जात, आई!"

मारुतरावांनी बंडीतून आपली सुरी काढली आणि पाटावर ठेवली. "हान बापू. द्येवाला घाव मोजता येत न्हाईत." मी ट्यूब गुंडाळलेली ती मूठ घट्ट धरली. हातातून निसटेल तर शपथ! एक घाव, आणि कोहळा दोन बाजूंना जाऊन पडला. सगळ्यांनी आरोळी ठोकली. मी बाद केलेला माल चालला, आणि मी पास केलेला कोहळ्यात अडकून बसला होता.

सासूबाईंनी डोळे पुसले, कोहळ्यात कुंकू भरलं. आणि त्यांची नजर त्या टॉवेलकडे गेली. टॉवेल थोडा सुटला होता.

"रणजीतराव, तुमी बी आणलीया व्हय सुरी?" असं म्हणत त्यांनी टॉवेल उघडला. आत शिसवी पेटी. पेटीत माझ्या सुरीची थोरली बहीण, वीतभर लांब, लाटाच लाटा! फोटो बघून अंगठा का दाखवला नव्हता, ते मला आत्ता कळलं.

"अगं बया!" सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "हिच्यावर बी डाग! तुमाला बी फशिवलं की वो!"

"आई, ते डाग नाहीत, ती..." रणजीतराव म्हणाले आणि थांबले. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी सासूबाईंच्या बोटांकडे बघितलं. मग त्यांनीही त्या बोटांकडे बघितलं. पांढऱ्या गाडीचे मालक, पण माणूस हुशार! माझी नक्षी कुठं मुरली ते त्यांना त्या क्षणी कळलं.

"व्हय, आई," रणजीतराव म्हणाले. "फसवलं मला."

"द्या इकडं. चिंच हाय अजून."

"नको!" रणजीतराव जवळजवळ किंचाळले. "तुम्ही आता हात लावायचा नाही. मी घासतो!"

"मी पण घासतो," मी म्हणालो.

अशा रीतीने खंडेनवमीच्या दिवशी आम्ही दोघे जावई मागच्या मोरीवर पाट टाकून बसलो. रणजीतरावांनी सुरी माझ्या हातात दिली नाही, जमिनीवर ठेवली. "हातात नको, भांडण होतं," ते म्हणाले. आजवर आमच्यात भांडणाची एवढी काळजी कुणी घेतली नव्हती. मला एकदम त्यांच्याविषयी माया वाटली.

"हळूच घास भावा," ते केविलवाण्या आवाजात म्हणाले. "वरवर. दाखवण्यापुरतं. अस्सल दमास्कस आहे, नक्षी आतपर्यंत असते. तुझी रात्रभर भिजली, म्हणून गेली."

मी चिंचेचा कोळ लावला आणि वरवर, दाखवण्यापुरता, काथ्या फिरवला.

लाटा गेल्या! पहिल्याच हाताला! माझ्या लाटांनी निदान रात्रभर तग धरला होता. काळं पाणी मोरीतून वाहायला लागलं आणि खाली चकचकीत पत्रा. आम्ही दोघे त्या पाण्याकडे बघत बसलो.

"अजिंक्यराव," रणजीतराव म्हणाले, "ते चांदभाई एकदम दोन सुऱ्या करून देतील का?"

"पातं मी देतो," मी म्हणालो. "बाद मालाची आमच्याकडे कमी नाही."

"निगाले का वो डाग?" आतून सासूबाईंची हाक आली.

"निघाले, आई!" आम्ही दोघे एका सुरात ओरडलो.

बघा, नशीब असतं एकेकाचं! आयुष्यात एकदाच मी मोठं मन करून सासूबाईंना 'माल खोटा' असं खोटं सांगितलं, आणि तेही खरं निघालं!