आप्पांच्या फ्रेममधलं पत्र

योगिताबाईंची चूक एकच झाली. त्यांनी काच पुसली.

धामणदऱ्याचे सरपंच बंकटराव यांच्या बैठकीत दारावर त्यांच्या वडिलांनी, आप्पांनी, टांगलेली एक फ्रेम होती. तिच्यात लष्कराचं इंग्रजी पत्र होतं. एकाहत्तरच्या लढाईत गावातल्या एक्केचाळीस बायकांनी जुन्या लुगड्यांच्या एक्केचाळीस वाकळा शिवून जवानांना पाठवल्या आणि त्याबद्दल हे पत्र आलं, एवढं गावातलं शेंबडं पोरही सांगे. पत्रात नेमकं काय लिहिलंय, ते मात्र कुणी सांगत नसे. दर सव्वीस जानेवारीला फ्रेमला हळदकुंकू लागे, हार पडे. पन्नास वर्षांच्या कुंकवाखालून एक ‘थँक्यू’ तेवढा डोकावत होता. दरम्यान गावात तीन वकील झाले, एक प्राध्यापक झाला. पण फ्रेममधलं पत्र वाचायचं नसतं, त्याला हात जोडायचे असतात, हे शिकलेल्या माणसालाही कळतं.

योगिताबाई गावच्या हायस्कुलात इतिहास शिकवत. लढाईच्या काळात गावानं काय काय केलं याचं प्रदर्शन शाळेत भरवायचं, म्हणून चार महिने त्या वही घेऊन घरोघर हिंडल्या होत्या. त्यांना एकाहून एक थोर गोष्टी सापडल्या. गावात तेव्हा वीज नव्हती, तरी सरकारचा हुकूम म्हणून गावानं रॉकेलच्या चिमण्यांना काळे कागद गुंडाळून ब्लॅकआउट पाळला होता. वाकळांची कल्पना सरपंचांच्या आईची, मुक्ताबाईंची. त्या आता पंच्याऐंशीच्या होत्या आणि प्रदर्शनाच्या दिवशी त्यांचा सत्कार ठरला होता. राहिला होता फक्त त्या पत्राचा फोटो.

बाई स्टुलावर चढल्या, ओल्या फडक्यानं काच पुसली, वाचू लागल्या आणि स्टुलावरून पडता पडता राहिल्या.

पत्राचा आशय असा होता: ‘आपल्या एक्केचाळीस रजयांबद्दल थँक्यू. तथापि प्रत्येक रजईच्या चारही कोपऱ्यांत भाकरी शिवलेली आढळली. परिणामी भांडारात उंदीर अतोनात वाढले असून त्यांनी एकशे बारा मोजे कुरतडले आहेत. सबब सर्व माल परत पाठवीत आहोत. असे पुन्हा घडू नये.’

बाईंना उलगडा व्हायला वेळ लागला नाही. त्यांच्याच वहीत नोंद होती. वाकळीचा शेवटचा टाका घालण्याआधी कोपऱ्याकोपऱ्यात भाकरीचा कुटका शिवायचा, ही गावची जुनी रीत. जी वाकळ दुसऱ्याला ऊब देणार तिनं उपाशी का राहावं?

"काय म्हनतंय पत्र?" बंकटरावांनी खालून विचारलं.

"थँक्यू म्हणतंय."

"एवढं लांबलचक?"

"सविस्तर थँक्यू आहे," बाई म्हणाल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी इतिहासात खोटं घातलं. पण आत पडवीत मुक्ताबाई सत्काराला नेसायचं लुगडं तिसऱ्यांदा घडी मोडून बघत होत्या. त्यांच्यासमोर उंदरांची बातमी फोडायची छाती बाईंना झाली नाही.

बंकटरावांचे डोळे भरून आले. "मॅडम, मग ह्याचा नुसता फोटू कावून? ह्याचा फ्लेक्सच करू. पंधरा बाय धा! शाळेच्या मैदानात लावू."

बंकटरावांनी पत्राचा फोटो त्याच संध्याकाळी पाशाभाईंना पाठवला. दुसऱ्या दिवशी सकाळीच बाई तडक पाटोद्याला पाशाभाईंच्या फ्लेक्सच्या दुकानात गेल्या.

"पाशाभाई, ते पत्र जरा धूसर छापा. जुनं वाटलं पाहिजे."

"धूसर?" पाशाभाईंच्या तोंडातलं पान थांबलं. "मॅडम, तेवीस साल झाले मला ह्या धंद्यात. पाशाचा फ्लेक्स धूसर आला म्हनून सांगा एक मानूस! उलटा मी रातभर बसून एकेक अक्षर साफ केलंय. रस्त्यावरून एसटीतला मानूस वाचंल."

"मग वरून सरपंचांचा फोटो टाका ना. मोठा. आणि सगळ्या पुढाऱ्यांचे. शुभेच्छुक म्हणून चाळीस-पन्नास चेहरे बसवा, अगदी दाटीवाटीनं."

पाशाभाईंनी फोन लावला. पलीकडून बंकटरावांचा आवाज दुकानभर आला. "न्हाई! एक बी फोटू नगं. माझा बी न्हाई. आयीच्या कामावर कुनाचं थोबाड कशाला?"

पाटोदा तालुक्यात फोटो नको म्हणणारा सरपंच पाशाभाईंनी पहिल्यांदाच ऐकला. त्यांनी आदरानं पान थुंकलं. योगिताबाईंना मात्र रडू आलं. ज्या दिवशी थोबाडांची खरी गरज होती, नेमकं त्याच दिवशी माणूस सुधारला होता.

आता एकच आशा उरली होती. गावात कुणी इतकं इंग्रजी वाचायच्या भानगडीत पडणार नाही. ती आशा प्रदर्शनाच्या सकाळी मावळली. पाहुणे म्हणून आष्टीचे निवृत्त कॅप्टनसाहेब आले आणि जीपमधून उतरताच त्यांनी चष्मा लावला.

मैदान गच्च भरलं होतं. पुढच्या रांगेत त्या एक्केचाळिसांतल्या उरलेल्या नऊ म्हाताऱ्या बसल्या होत्या, मधोमध मुक्ताबाई. त्यांच्या मागं पंधरा बाय दहाचे उंदीर स्वच्छ अक्षरांत फडफडत होते.

कॅप्टनसाहेबांनी पत्र एकदा वाचलं. मग जवळ जाऊन पुन्हा वाचलं. मग रुमालानं कपाळ पुसलं.

"साहेब," बंकटराव माईकवर म्हणाले, "आता हे पत्र गावाला मराठीतून सांगा. आमच्या आप्पांनी जल्मभर देव्हाऱ्यासारकं जपलं, पन अर्थ काय त्यान्ला कळला न्हाई. आज कळू द्या."

साहेबांनी माईक हातात घेतला. दोन लढाया बघितलेला माणूस, पण तो माईक या हातातून त्या हातात घेत राहिला. खोटं बोलायची सवय नाही आणि खरं बोलायची सोय नाही.

शेवटी योगिताबाईच पुढं झाल्या. "साहेब, द्या माईक. चूक माझी आहे." आणि मान खाली घालून त्यांनी पत्र सांगून टाकलं. भाकरी, उंदीर, एकशे बारा मोजे, परत आलेल्या वाकळा, काहीही न गाळता.

बंकटरावांचा चेहरा उतरला. बाईंनी धीर करून मुक्ताबाईंकडं पाहिलं. मुक्ताबाई शांत होत्या. शेजारच्या आठही म्हाताऱ्या पदर तोंडाला लावून हसत होत्या.

"पोरी," मुक्ताबाई म्हणाल्या, "येवढ्यासाठी चार दिस झालं जेवली न्हाईस व्हय?"

"आजी, तुम्हाला माहीत होतं?"

"माहीत नसाया काय झालं? वाकळा घिऊन टरक आला तो माझ्याच दारात. बाजाराचा दिस. बंकटचं वडील आन समदे बाप्ये पाटोद्याला गेलते. टरकवाला पोरगा मराठी हुता. लाजत लाजत त्यानं समदं सांगितलं. मी म्हनलं, बाबा, घटकाभर दम खा. त्याला पिठलं-भाकर वाढली आन समद्या बाया गोळा केल्या. दिस मावळायच्या आत समदे कोपरे उसवले, कुटके काढले, उंदरानं कुरतडलं तिथं नवी ठिगळं लावली, आन त्याच टरकात घालून परत धाडल्या. लढाई सपलीती, पन थंडी थोडीच सपलीती?"

बंकटरावांनी वळून फ्लेक्सकडं पाहिलं.

"आन आप्पा?" बंकटरावांनी कसंबसं विचारलं.

"सांजच्याला बाजारातून आले तवा घरात नुसतं पत्र हुतं. वरचा सिक्का बघून हरकले. सकाळी बीडला जाऊन फ्रेमच करून आनली. त्यान्ला इंग्रजी येत नव्हतं, आन मला त्यांचं मन मोडाया येत नव्हतं."

"आगं, पन पन्नास वर्सं? एक्केचाळीस बायकांनी?" बंकटरावांना उंदरांपेक्षा ह्याचंच नवल वाटत होतं. "एकीच्या बी तोंडातनं निघालं न्हाई?"

"तुमी कवा इचारलं?" पलीकडची एक म्हातारी म्हणाली.

कॅप्टनसाहेब उठले. बूट जुळवून त्यांनी त्या नऊ जणींना कडक सॅल्यूट ठोकला. म्हाताऱ्यांनी गडबडून हात जोडले. मग साहेब मुक्ताबाईंपाशी खाली वाकले.

"आजी, दुसऱ्यांदा पाठवलेल्या वाकळांचं काय झालं? लष्करानं काही कळवलं?"

"न्हाई बा," मुक्ताबाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा अभिमानानं फुलून आला. "एका अक्षरानं न्हाई. तवाच आमी वळखलं, आवडल्या."