नाकालाची मुकी मावशी

माझी त्वचा अत्यंत नाजूक आहे. हे मी अभिमानाने सांगतो! नगरपालिकेत जन्म-मृत्यूच्या दाखल्यांवर शिक्के मारणाऱ्या माणसाकडे अभिमानाने सांगण्यासारखं दुसरं असतं तरी काय? ऊन लागलं की माझे गाल चुरचुरतात, वारा लागला की हुळहुळतात, आणि बायको रागाने बघायला लागली तरी मला कपाळावर खाज सुटते. आमच्या मोझांबिक बेटावर खारं वारं खाऊन माणसांचे चेहरे जुन्या होडीच्या तळासारखे झालेत. माझा मात्र अजून लोण्यासारखा आहे.

तर त्या शनिवारी माझ्या भाचीच्या, नासिराच्या, लग्नाची बोलणी होती. आमच्यात मुलीची बोलणी बाप करत नाही, मामा करतो. बाप कोपऱ्यात बसून काजू खातो. म्हणजे सगळी भिस्त माझ्यावर!

मुलगा सेलेमान, खाडीपलीकडच्या काबासेराचा. होड्या बांधतो, गुणी आहे. अडचण एकच होती. नासिरा नर्सचं शिक्षण घेत होती आणि अजून दीड वर्ष बाकी होतं. मुलाकडच्यांना लग्न याच महिन्यात हवं होतं, आणि तेही शिक्षण सोडून.

“मामा,” नासिरा मला आठवडाभर रोज बजावत होती, “शिक्षण पुरं झाल्यावरच लग्न. एवढं एकच वाक्य बोलायचं. पुढे काही नाही.”

“अगं, मी आहे ना!”

“म्हणून तर काळजी वाटते,” ताई म्हणाली. ही माझी थोरली बहीण, ज़ाइना, नासिराची आई. “हा बोलायला बसला की समोरच्याचंच म्हणणं जास्त चांगलं मांडतो.”

मी दुर्लक्ष केलं. मोठ्या जबाबदारीच्या माणसाने आधी चेहऱ्याकडे लक्ष द्यावं. शुक्रवारी संध्याकाळी मी गुळगुळीत दाढी केली आणि वर बाजारातून आणलेलं एक निळं पाणी चोपडलं. बाटलीवरचा माणूस सुखाने हसत होता. तो का हसत होता ते मला सकाळी कळलं. चेहरा सुजून भाकरीसारखा झाला होता, आणि गालांवर मिरच्या वाटल्यासारखी आग!

“मुसिरो लावा,” अतीजा म्हणाली. अतीजा म्हणजे आमची बायको, आणि मुसिरो म्हणजे आमच्याकडच्या बायका उगाळून तोंडाला लावतात ते लाकूड. “मी आणि ताई मासे आणायला चाललोय. आल्यावर उगाळून देते.”

“मुसिरो उगाळायला बाई कशाला लागते?”

“चाळीस वर्षांत तुम्ही कधी सहाणेला हात लावलाय?”

“त्यात काय आहे? लाकूड, दगड, पाणी!”

“अहो, पण पुरुष कुठे मुसिरो—”

“औषध म्हणून लावतोय, नटायला नाही! पाहुणे दुपारी येणार. तोवर धुऊन मोकळा.”

त्या गेल्या. मी अंगणात सहाण मांडली आणि लाकूड उगाळायला बसलो. अर्धा तास घासल्यावर चमचाभर पांढरं गंध निघालं. एवढ्यात माझी हनुवटीसुद्धा झाकली नसती! तेव्हा मला आठवलं, आमच्या कचेरीतला टंकलेखक सांगत होता की तांदळाच्या पेजेचं पाणी नाजूक कातडीला फार थंडावा देतं. आणि काय योगायोग! चुलीजवळच्या कट्ट्यावर एक वाडगं झाकून ठेवलेलं. आत पांढरट, दाटसर, कोमट पेज! अतीजा कितीही बोलली तरी नवऱ्याच्या चेहऱ्याची काळजी करते, हे पाहून मला भरून आलं. मी अख्खं वाडगं त्या गंधात ओतलं, वर मधाचे दोन थेंब टाकले आणि कालवलं. लेप असा सुरेख झाला की तो विकायलाच काढावा!

अंगावर डाग पडू नयेत म्हणून अतीजाचा नेसायचा पिवळा कापुलाना छातीपासून गुंडाळला. केसांना लागू नये म्हणून दुसरा डोक्याला बांधला. मग कपाळापासून हनुवटीपर्यंत बोटभर थर दिला आणि बदामाच्या सावलीत चटईवर बसलो. अहाहा! काय गारवा! डोळे मिटून मी बोलणीतली वाक्यं घोळवू लागलो.

थोड्या वेळाने एक वाक्य मोठ्याने म्हणून पाहावं म्हटलं, तर तोंडच उघडेना! ओठ हलवले तर “फ्फ” एवढाच आवाज आला. भुवया उचलून पाहिल्या, त्याही जागच्या हलेनात. बोटाने गालावर टकटक केलं, तर दारावर कुणी आल्यासारखं वाजलं.

आणि खरोखरच दारावर कुणी आलं होतं!

“सलाम! आहे का घरात कुणी?”

वारा पाठीवर मिळाला म्हणून काबासेराची होडी तीन तास आधी येऊन थडकली होती! पुढच्या खोलीत मेव्हण्याने पाहुण्यांना बसवलं. काजूची ताटली पुढे सरकवल्याचं मी ऐकलं. मुलाचा मामा काशिमो याचा आवाज म्हणजे ओहोटीला वाळूवर ओढलेला नांगर.

“मुलीचा मामा कुठाय?”

“येतीलच,” नासिराचा आवाज चिरकला. “वाटेत आहेत.”

“बसा तुम्ही पुरुष इथे,” एक म्हातारा आवाज म्हणाला. “मी मागे बायकांत बसते. गुडघ्यांना चटई बरी.”

“आजी, मागे कुणी नाहीये!” नासिरा ओरडली. पण तोवर आजी अंगणात आलीही होती. सेलेमानची आजी, अंशाआजी. वाळलेल्या माशाएवढी देहयष्टी आणि डोळे सुयांसारखे. तिने मला पाहिलं. मी तिला पाहिलं. मागून नासिराने आम्हा दोघांना पाहिलं आणि दाराची चौकट धरली.

आता मला सांगा, मी काय करायला हवं होतं? उठून “मीच तो मुलीचा मामा” म्हणायचं? कापुलान्यात? आणि “फ्फ” करून?

“ही कोण गं?” आजीने विचारलं.

“ही... आमची मावशी आहे. नाकालाची.”

“नाकालाची? कुठल्या वस्तीतली? माझी सख्खी बहीण तिथे दिलीय!”

“मुकी आहे!” नासिरा म्हणाली आणि चहा टाकायच्या निमित्ताने घरात पळाली.

आजी माझ्या शेजारी बसली. मी नजर खाली घातली. लाजाळू मुक्या मावशा काय करतात, ते मला नेमकं ठाऊक नव्हतं.

“मुकी असलीस म्हणून काय झालं, हात आहेत ना?” असं म्हणून तिने भिंतीला टेकलेली खवणी माझ्यापुढे सरकवली आणि हातात नारळाची वाटी दिली. “भातात घालायला लागेलच. खव.”

मी जन्मात नारळ खवलेला नाही! खवणीवर बसलो तर कापुलाना सुटायला लागला. तो धरला तर वाटी निसटली. चार वेळा नारळ घासला आणि पाचव्यांदा बोट. कळ डोक्यात गेली, पण ओरडणार कुठून?

आजी शांतपणे बोलत होती. “बरं झालं, तू मुकी आहेस. बोलणाऱ्या माणसाशी बोलता येत नाही. आता या घरचा मामा बघ. सुवाले की कोण. तो म्हणे बोलायला लागला की होडीला भोक पडल्यासारखा वाहतो. आमचा काशिमो वाटच बघतोय. म्हणतो, एक झिंगा खायला घातला की तो सगळ्याला हो म्हणेल.”

मी वाटीवर सूड उगवू लागलो.

“काशिमो म्हणणार, शिक्षण सोडा, नाहीतर आम्ही दुसरी मुलगी बघतो. तीनदा म्हणणार. सगळं खोटं! सेलेमानने घरी सांगून टाकलंय, ही मुलगी शिकून आली तरच लग्न, नाहीतर मी एकटा राहतो. काशिमोचं कसं आहे, तीनदा गरजतो आणि मग पाणी मागतो. त्याने पाणी मागितलं की समजावं, भांडण संपलं. पण तोवर समोरच्याने गप्प बसायला हवं ना!”

ती पुढचं बोलली तेव्हा आवाज तसाच होता, फक्त बोटं चटईची काडी उपसत होती.

“माझी थोरली सून बाळंतपणात गेली. आमच्या गावात नर्स नाही. होडी काढली, तर समुद्र ओसरलेला. भरतीची वाट बघत बसलो आम्ही वाळूवर. ती मुलगी शिकून आमच्या गावात आली तर... पण बायकांना बैठकीत कोण विचारतं?”

मी खवणं थांबवलं. चेहऱ्यावर काही आलं असेल तर ते आतल्या आत राहिलं.

तेवढ्यात मागच्या दाराने माशांची टोपली घेऊन अतीजा आली, मागोमाग ताई. अतीजा थेट कट्ट्याकडे गेली.

“माझी खळ कुठे गेली? अगं नासिरा, ह्यांच्या टोपीसाठी कसाव्याची खळ शिजवून ठेवली होती, वाडगंभर! बैठकीला टोपी कशी डब्यासारखी ताठ उभी राहायला हवी! कुणी नेली खळ?”

मी हळूच मान वळवली. अतीजाने आधी तिचा पिवळा कापुलाना ओळखला, मग आतला नवरा. माशांची टोपली खाली बसली.

“ही नाकालाची मावशी,” अंशाआजी सौजन्याने म्हणाली. “मुकी आहे बिचारी. नारळ मात्र फार वाईट खवते.”

“हो का?” अतीजाचे ओठ थरथरत होते. “चल मावशी, तुझं तोंड धुऊन देते.”

पाण्याच्या टाकीमागे माझ्या चेहऱ्याचं जे झालं, ते मी थोडक्यात सांगतो. आधी गरम पाण्याची फडकी ठेवली, मग खोबरेल तेल, मग ताईने सुरीची मूठ हाणली. थर पापुद्र्यापापुद्र्याने निघाला. डाव्या भुवईचा अर्धा भाग त्याच्याबरोबर गेला. वर दोघी तोंडात पदर कोंबून हसत होत्या.

“हसू नका! मला सगळं कळलंय,” मी तोंड मोकळं होताच म्हणालो. “आज मी एकच वाक्य बोलणार.”

दोघींचं हसणं थांबलं. ताईने माझ्या कपाळाला हात लावून ताप पाहिला.

गल्लीतून वळसा घालून मी पुढच्या दाराने आत गेलो, बाहेरगावाहून आल्यासारखा. डोक्यावर बिनखळीची टोपी, ती कोबीच्या शिळ्या पानासारखी कानावर पडलेली.

काशिमो गरजला, “आमचं म्हणणं सरळ आहे. शिक्षण सोडायचं, नाहीतर आम्ही दुसरी मुलगी बघू!”

“शिक्षण पुरं झाल्यावरच लग्न,” मी म्हणालो. आणि गप्प बसलो! जीभ दातांखाली दाबून धरली. हे किती अवघड असतं, ते बडबड्या माणसालाच कळेल.

“दुसऱ्या तीन मुली सांगून आल्यात!”

मी एक काजू उचलला.

“होडी तयार आहे! आत्ता उठून जाऊ!”

मी काजू चावला. खोलीत तेवढाच आवाज. मेव्हण्याने घाबरून ताटली जवळ घेतली. दाराआड नासिराच्या बांगड्यासुद्धा वाजेनात.

काशिमोने घाम पुसला. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. “जरा पाणी मिळेल का?”

लग्न दीड वर्षाने करायचं ठरलं! फातिहा वाचली गेली, म्हणजे आता मागे फिरणं नाही. नासिराने येऊन माझा हात दोन्ही हातांत धरला. भात, झिंगे, कसाव्याच्या पाल्याचा माटापा असं सगळं झालं. जेवताना मी माझ्या मुत्सद्दीपणाबद्दल थोडं बोललो. थोडं म्हणजे ताटं उचलेपर्यंत. माणसं ओळखायला नजर लागते, असं मी काशिमोला तीनदा सांगितलं.

संध्याकाळी भरती आली तेव्हा आम्ही त्यांना पोचवायला किनाऱ्यावर गेलो. सगळे होडीत चढले. अंशाआजीला मी हात दिला, तर तिने तो उलटा करून कापलेलं बोट पाहिलं.

“याला हळद लाव,” ती हळूच म्हणाली. “आणि पुन्हा खवणीवर बसलास तर वाटी फिरवायची असते. माणसाने फिरायचं नसतं.”

“आजी! तुम्हाला... कधी कळलं?”

“अंगणात आले तेव्हाच. असा कंठ कुठल्या मावशीला असतो रे? मी बोलत होते तसा वर-खाली होत होता.”

“मग ते सगळं मला का सांगितलंत?”

“दुसऱ्या कुणाला सांगणार? महिनाभर विचार करत होते, मुलीच्या मामापर्यंत निरोप कसा पोचवावा. सगळे म्हणत होते, तो कुणाचं ऐकूनच घेत नाही.”

तिने माझा गाल थोपटला आणि होडीत चढली. शीड फुगलं. मी गुडघाभर पाण्यात उभा राहून हात हलवत राहिलो.

“काय म्हणाल्या हो आजी?” मागून अतीजाने विचारलं.

“काही नाही. म्हणाल्या, असा हुशार मामा त्यांनी आजवर पाहिला नाही.”

अतीजाने डोळ्यांवर हात धरून लांब गेलेल्या होडीकडे पाहिलं.

“अस्सं?” ती म्हणाली. “मग तो काशिमो होडीत आडवा पडून का हसतोय?”