बसली का?

आमच्या गल्लीतले गुणाकाका स्कूटरला किक मारत आणि क्लच सोडण्याआधी मान जराशी मागे वळवून विचारत, "बसली का?"

मागे कोणी नसे. सीट रिकामी. तरी काका थांबत. उत्तर यायला जेवढा वेळ लागावा तेवढा थांबत, मग समाधानाने "हं, चाल" म्हणून निघत. तिरोड्यात नवा आलेला माणूस हे पाहून माझ्या दुकानात येई आणि हळूच विचारी, "या काकांचं डोकं ठिकाणावर आहे ना?" मी म्हणायचो, "तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त. तुम्हाला झेरॉक्स कशाची काढायची ते बोला."

माझं दुकान तहसीलीसमोर. झेरॉक्स, टायपिंग, ऑनलाइन अर्ज आणि जुन्या गाड्यांच्या खरेदी-विक्रीचे कागद. दिवसभर लोकांचं ऐकून माझं डोकं तापलेलं असतं, आणि ते मी लपवत नाही. काकांचं उलटं. पाटबंधारे खात्यात चोरखमाऱ्याच्या कालव्यावर त्यांची नोकरी झाली. धानाच्या कोणत्या बांधीला पाणी कधी सोडायचं एवढं पाहायचं, बाकी पाणी आपल्या मनानं जातं. त्यामुळे या माणसाला घाई म्हणजे काय ते माहीतच नव्हतं. त्यांची स्कूटर रस्त्यावरून चालायची नाही, तरंगायची. सायकलवाली पोरं त्यांना मागे टाकत आणि जाता जाता "काका, नमस्कार" म्हणत.

"बसली का"ची गोष्ट ते स्वतःच सांगत, आणि सांगताना डोळे मिटून घेत.

लग्न नवं होतं, स्कूटरही नवी. काका काकीला घेऊन चोरखमाऱ्याचा तलाव दाखवायला गेले. निघताना काकीने तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, बसलेल्या बाईकडून शिंगाडे घेतले आणि ते रुमालात बांधत उभी राहिली. काकांनी किक मारली आणि निघाले.

"मी बोलून राहिलो, बोलून राहिलो," काका सांगत. "घरावरचे कवेलू यंदा नाही बदलत म्हणलं, चूप. तुझ्या भावाच्या लग्नात आंगठी नाही देत म्हणलं, तरी चूप. मी म्हणलं, बाप्पा! बाई किती समजदार भेटली!"

घरापुढे गाडी स्टँडला लावली, तेव्हा बाई गाडीवर बसलीच नव्हती हे कळलं. काका घामाघूम होऊन परत तलावावर. काकी पाळीवर बसून पाण्याकडे पाहत शिंगाडे सोलत होती, अर्धा रुमाल रिकामा झालेला. तिने वर पाहिलं आणि विचारलं, "घरी पोचून आले का?" आणि एक सोललेला शिंगाडा त्यांच्या हातावर ठेवला. झालं, एवढंच भांडण. त्या दिवसापासून काका विचारायला लागले, "बसली का?" आणि काकी मागून म्हणायची, "हूं." जन्मभर ती एवढंच बोलली गाडीवर. काका तक्रार करायचे, "गाडीवर बसली की हिची जीभ घरी राह्यते."

मग काकी तापाचं निमित्त होऊन गेली. सगळं उरकल्यावर काका पहिल्यांदा गाडी काढून दुधाला निघाले, तेव्हा सगळी गल्ली कान देऊन होती. "बसली का?" माझी आई ओट्यावर तांदूळ निवडत होती. तिने पदर डोळ्यांना लावला आणि मला दटावलं, "काही बोलाचं नाही त्याईले."

पुढे काकांचा एक डोळा बिघडला. डॉक्टर म्हणाले, गाडी बंद. काकांनी ऐकलं असं दाखवलं. दिवाळीच्या आसपास एका सकाळी धुकं होतं, आणि धुक्यात काकांनी स्कूटर सरळ उभ्या धानाच्या बांधीत घातली. बांधीचा मालक शिव्या देत धावत आला, तर काका चिखलात बसून मागे वळून विचारत होते, "लागलं त नाही ना?" त्याला वाटलं आपल्यालाच विचारलं. तो वरमला आणि म्हणाला, "नाही जी, मले कायले लागते?"

त्याच आठवड्यात काका दुकानात आले. "राजू, गाडी इकतो. कागद कर."

मी नेहमीचा मसुदा काढला. लिहून देणार अमुक, लिहून घेणार तमुक. सदर वाहन जसे आहे तसे विकले असून आजपासून होणारे अपघात, चालान यांची जबाबदारी लिहून घेणार यांची राहील.

"जसं आहे तसं म्हंजे?"

"म्हणजे दोषांसकट."

"मंग दोष लिही ना. किक माराच्या आधी आपल्या अंगावर वाकवा लागते. हॉर्न मनात आलं त वाजते. आणि एक अट टाक. लिहून घेणाऱ्यानं गाडी काढाच्या आधी 'बसली का' म्हणून इचारावं."

"काका, हे कायद्यात बसत नाही."

"मंग कायद्याले इचार, बसला का?"

मी पेन आपटला. म्हटलं, लोक हसतील, करारनामा आहे की लग्नाची पत्रिका? काका रागावले नाहीत. समोरच्या चिंचेकडे बघत म्हणाले, "राजू, गाडी होती म्हणून मी तिले इचारत होतो रे. आता घरात उभं राहून 'बसली का' म्हणलं त लोक खरंच पागल म्हणतीन. मी नाही त कोनी तरी इचारलं पायजे त्या गाडीवर. बाकी मले काही नाही पायजे."

मी म्हटलं, "लिहिता येत नाही, पण माणूस पारखून तर देता येईल. बायकोला घेऊन या म्हणू, एक चक्कर मारू देऊ. जो विचारेल त्याची गाडी." काका खूश. फक्त बजावलं, "पयलेच पढवून नको ठेवजो कोनाले."

आणि दुकानासमोर रोज तमाशा सुरू झाला. लोक जोडीने येत, चक्कर मारत, आणि काका स्टुलावर बसून नकार देत. कारण सांगायचं नाही असं ठरलेलं, त्यामुळे शिव्या मी खायच्या. गोंदियाचा एक व्यापारी तर भडकलाच. "काका, स्कूटर लेने आए हैं, लड़की देखने नहीं!" काका शांतपणे म्हणाले, "लडकी त आपके साथ है ना जी. उसको देखा क्या, बैठी की नहीं?" तो बायकोकडे बघतच राहिला. ती बिचारी एक पाय उचलून अजून उभीच होती.

पौषात आमगावहून एक जोडपं आलं. दिनेशचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान, बायको ममता शिवणकाम करणारी. दिनेशला गाडी पसंत होती आणि माझा धीर सुटला होता, म्हणून त्याच्या नावाचा कागद मी आधीच तयार करून ठेवला. दिनेशनं किक मारली आणि सुटलाच. ममता अर्धी वर, अर्धी खाली. तिने त्याच्या पाठीत असा धपाटा घातला की समोरचा पानवाला बाहेर आला. "बसू त द्या मले! घाई कायची होऊन राहिली?"

काकांचं तोंड पडलं. मी मनात म्हटलं, गेलं हेही गिऱ्हाईक. पण काका तिलाच म्हणाले, "बाई, तुले येते का चालवाले?"

"येते ना जी. माझ्या बाबूजीची अशीच होती. खरं त मलेच पायजे गाडी, ब्लाऊज पोचवाले गावागावात जा लागते."

तिने पदर खोचला. गाडी आपल्या अंगावर वाकवली, कोणी न सांगता. किक मारली. दिनेश मागे चढत होता. क्लच दाबून धरून तिने मान वळवली आणि विचारलं, "बसले का हो?"

काका स्टुलावरून उठून उभे राहिले. चक्कर मारून ती परत आली तेव्हा मला म्हणाले, "राजू, लिहून घेणार म्हणून हिचं नाव टाक."

दिनेश खजील होऊन हसला. झालेला कागद बाद, नवा स्टॅम्प आणा, फॉर्म पुन्हा भरा. एरवी मी दुकान डोक्यावर घेतलं असतं. त्या दिवशी मुकाट्याने सगळं केलं. फक्त विचारलं, "आणि ती तुमची अट? शेवटी पेनानं लिहून टाकू का? होऊ दे काय व्हायचं ते."

"राहू दे," काका म्हणाले. "लिहून कायले द्या लागते? तिले येते."

फॉर्मला लागणारा ठसा घ्यायला चेसिस नंबरवर कागद धरून वरून पेन्सिल फिरवायचं काम काकांनी स्वतः केलं. पेन्सिल इतकी हळू फिरवत होते की मी घड्याळाकडे बघायचं सोडून दिलं. सह्या झाल्या, किल्ली दिली. ममताने पुन्हा मान वळवून विचारलं, दिनेश म्हणाला, "हो, चाल." आणि काकांचेही ओठ हलले. राइस मिलच्या कोंड्याचा वास हवेत होता, ऊन पिवळं पडलं होतं, आणि त्या उन्हात गाडी लहान लहान होत गेली. हॉर्न वाजला. तिने वाजवला की हॉर्नच्याच मनात आलं, देव जाणे.

काका तिथेच उभे. मी दुकान लवकर बंद केलं आणि मोटारसायकल काढली. "चला, सोडतो घरी." त्यांनी मागच्या सीटकडे असं पाहिलं की मला कळलं, हा माणूस जन्मात कोणाच्या मागे बसलेला नाही. पाय कुठे ठेवायचे तेही मीच दाखवलं. मग किक मारली, आणि तोंडातून आपोआप निघालं, "बसले का, काका?"

"बसलो."

मी त्यांच्याच चालीने गाडी चालवत होतो. त्यांना बरं वाटावं म्हणून ममताचं कौतुक केलं, धपाट्याची नक्कल केली. मागून काही नाही. परत काही बोललो, तरी काही नाही. म्हटलं, मागेच राहिले की काय! मान वळवली. काका होते. एका बाजूला बघत होते. कापलेल्या बांध्यांवर धूर पसरला होता, त्यात बगळे उतरत होते, आणि पलीकडे कालव्याचं पाणी उजेड धरून होतं.

"काका, बोलत काऊन नाही?"

"किती दिसते रे इथून," ते हळूच म्हणाले. "मी त समोरचा रस्ताच पाह्यत राहिलो जन्मभर. तुझी काकी चूप काऊन बसे, ते आज समजलं."

रडू आलं की मला राग येतो, म्हणून मी उगाच एका म्हशीवर ओरडलो. आमची गल्ली आली. मी गाडी वळवली नाही.

"चोरखमाऱ्यावरून जाऊ का?"

मागून आवाज आला, "हूं."