तिकोनी बिस्किटांचं सारण

सुप्रभाताई जाऊन सात आठवडे झाले होते आणि अनुयाला, म्हणजे त्यांच्या मुलीला, अजून रडू आलं नव्हतं. कामंच इतकी होती. सुट्टी काढून ती बेसिंगस्टोकहून लंडनमधल्या हॅरोला आली, आईचं घर आवरलं, स्वयंपाकघरातल्या सगळ्या बरण्या गरम पाण्यात बुडवून त्यांच्यावरच्या तेलकट चिठ्ठ्या खरवडून काढल्या. बरण्या लख्ख झाल्या.

मग शेजारच्या रिबेकामावशींचा पुरीमचा सण आला. मावशी मूळच्या अलिबागकडच्या बेने इस्रायली ज्यू. त्यांची बोटं आखडल्यापासून सणाची बिस्किटं आईच करून देई. तिकोनी, आत काळ्या खसखशीचं गोड सारण. यंदा डबा चुकला असता तरी मावशी काही बोलल्या नसत्या. अनुयाला नेमकं तेच नको होतं.

"उद्या चारला आणते, मावशी."

"अगं, बेकरीत फ्रेश मिळतात. डोन्ट बॉदर."

"आई बेकरीतली आणायची?"

"तुझी आई बेकरीत फक्त नावं ठेवायला जायची."

आईच्या वहीत लिहिलं होतं, 'मैदा लागेल तेवढा.' काळ्या बारीक दाण्यांच्या बरण्या दोन निघाल्या. अनुयाने मोठी घेतली; सणासाठी जास्तच भरून ठेवली असणार. दाणे मिक्सरमधून काढले, मध आणि दूध घातलं. सर्दीने नाक चोंदलेलं, त्यामुळे वास कळायचा प्रश्नच नव्हता. चाखून बघावंसं वाटलं, पण देव कुणाचाही असो, सणाचं आधी चाखायचं नाही, हा आईचा नियम.

पहिल्या खेपेला ओव्हनमध्ये सगळी बिस्किटं कोपरे सोडून उताणी पडली. दुसऱ्या खेपेला तिने कडांना करंजीसारखी मुरड घातली. एकही उघडलं नाही.

मावशींनी डबा उघडला. "याला हामानची टोपी म्हणतात गं, पुरीमच्या गोष्टीतल्या त्या दुष्ट प्रधानाची. तू तिला झालर लावलीस."

त्यांनी एक घास घेतला. चावणं थांबलं. डोळ्यांत पाणी आलं.

"काय झालं?"

"काही नाही. तूही घे."

अनुयाने तुकडा मोडला. झणका थेट मस्तकात गेला, चोंदलेलं नाक मोकळं झालं.

"मावशी, ही मोहरी आहे."

"मस्त फेसलीयस. कैरी असती तर लोणचं झालं असतं."

"टाकून द्या ना."

"पहिल्या वर्षी तुझ्या आईनेही हेच आणलेलं. न चाखता. मी दोन खाल्ली, बोलले नाही. मग घरी जाऊन तिने स्वतः खाल्लं आणि बरणीवर चिठ्ठी डकवली, 'ही खसखस नाही.' बघितली नाहीस?"

अनुयाला सिंकमधून वाहून गेलेले कागदाचे तुकडे आठवले. तिने डब्यातलं आणखी एक उचललं.

"अगं, पुरे आता."

"तुम्ही दोन खाल्ली होतीत ना," ती म्हणाली आणि अख्खं तोंडात टाकलं. डोळे वाहायला लागले, ते थांबेचनात.

मावशींनी तिच्याकडे न बघता टिश्यूचा डबा सरकवला. "मोहरी फार झोंबते, नाही?"

"हो," अनुया म्हणाली, आणि तिसऱ्याला हात घातला.